तोडलेल्या उसातली साखर जाते कुठे?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा ऐकता ऐकता मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलण्यातला सूर बराचसा तसाच ठेवलाय. आकडे मात्र नीट मांडलेत, म्हणजे स्क्रीनशॉट काढायला सोपं.

आजचा विषय आहे प्रथिनं आणि एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात. आपण परीक्षेपुरता तो शब्द पाठ केला आणि सोडून दिला. आज तोच विषय सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यावरून उचलू.

दिवाळीनंतर पंढरपूर, माळशिरस, माढा, मोहोळ, कुठल्याही तालुक्यात जा. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि त्यावर उसाच्या मोळ्या, हे चित्र ठरलेलं. माळीनगरला १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला. पुढे उजनीचं पाणी आलं आणि ऊस वाढतच गेला. आज जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. त्यामुळे खालचा प्रश्न इथल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या ओळखीचा आहे.

ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, पण गाडी मिळाली नाही. किंवा गाडी मिळाली, पण कारखान्याच्या यार्डात लांबच लांब रांग. तीन दिवस गेले. वजन घटलं, हे सगळ्यांना कळतं, कारण पाणी उडून जातं. पण त्या उसातली साखरसुद्धा कमी झालेली असते. पाणी उडतं, साखर तर उडत नाही. मग ती गेली कुठे?

कोणी नेली नाही. उसाच्या आतच एक रेणू बसलाय, त्याने ती कापली. त्याचं नाव इन्व्हर्टेज.

४४० वर्षांचं काम काही तासांत

आपण चहात टाकतो ती साखर म्हणजे सुक्रोज. सुक्रोजचा एक रेणू म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन छोटे रेणू: एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. मधला जोड तुटला आणि तिथे पाण्याचा एक रेणू गेला, की दोघं सुटे होतात. सुटे झाल्यावर ते गोडच लागतात, पण कारखान्याला त्यांची दाणेदार साखर करता येत नाही. ते मळीत जातात.

आता गंमत बघा. हा जोड स्वभावाने अतिशय पक्का आहे. शुद्ध पाण्यात साखर विरघळवली, त्यात आम्ल नाही, जंतू नाहीत, एन्झाइम नाही आणि तापमान २५ अंश. तर त्यातली निम्मी साखर तुटायला सुमारे ४४० वर्षं लागतील, असं २००८ साली शास्त्रज्ञांनी मोजून काढलं. म्हणजे आदिलशाही आणि निजामशाही सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरून भांडत होत्या, त्या शतकात कोणी असा पेला भरून ठेवला असता, तर आज कुठे निम्मं काम झालं असतं.

आणि उसात हेच काम तासा-दिवसांच्या हिशोबाने चालतं. एन्झाइम म्हणजे काय, याचं उत्तर या फरकात आहे. एन्झाइम नवीन काही घडवून आणत नाही. जे एरवी शतकानुशतकं रखडलं असतं, ते तो पटकन उरकतो आणि स्वतः जसाच्या तसा पुढच्या कामाला मोकळा राहतो.

फेटा बांधला तरच फेटा

पण एका रेणूला हे जमतं कसं? त्यासाठी प्रथिनाची रचना समजून घ्यावी लागेल.

जवळजवळ सगळे एन्झाइम हे प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. अमिनो आम्लं मुख्यतः २० प्रकारची. कुठल्या क्रमाने कोणतं जोडायचं, हे जनुकात लिहिलेलं असतं. यीस्टमधल्या इन्व्हर्टेजचा अभ्यास खूप झालाय. त्याच्या साखळीत पाचशेहून जास्त अमिनो आम्लं आहेत.

नुसती साखळी मात्र काही कामाची नाही. फेट्याचं कापड घडी करून कपाटात ठेवलं तर ते कापडच. डोक्यावर बांधलं, की त्याचा फेटा होतो. प्रथिनाचंही तसंच. साखळीचा काही भाग मळसूत्रासारखा पिळतो, काही भाग पट्ट्यांसारखा शेजारी-शेजारी बसतो, मग हे सगळं एकमेकांवर वळून एक ठराविक आकार घेतं. फेटा बांधायला माणूस लागतो. इथे साखळीतल्या अमिनो आम्लांची ओढाताणच ते काम करते. काहींना पाणी नकोसं असतं, ती आत दडतात. काहींवर विरुद्ध विद्युतभार असतो, ती एकमेकांकडे ओढली जातात.

इन्व्हर्टेज असा वळला, की त्याचा मुख्य भाग दिसतो पाच पात्यांच्या पंख्यासारखा. आणि पंख्याच्या मधोमध एक खोलगट खाच असते. साखर कापली जाते ती या खाचेत.

यीस्टच्या इन्व्हर्टेजमध्ये कापायचं मुख्य काम दोन अमिनो आम्लं करतात. एक साखळीत २३व्या जागी, दुसरं २०४व्या जागी. साखळी सरळ ताणली तर या दोघांची भेट होणारच नाही. पण वळल्यावर दोघं खाचेत समोरासमोर येतात. म्हणून प्रथिनाच्या बाबतीत आकार म्हणजेच काम. आकार बिघडला की काम थांबलं, मग साखळी अखंड असली तरी.

खाचेत काय होतं?

सुक्रोजचा रेणू खाचेत शिरतो. त्याची फ्रुक्टोजची बाजू आत घट्ट बसते. २०४व्या जागचं ग्लुटामिक आम्ल मधल्या जोडाला एक हायड्रोजन देतं, त्यामुळे जोड सैल होतो. त्याच वेळी २३व्या जागचं ॲस्पार्टिक आम्ल फ्रुक्टोजला पकडतं. ग्लुकोज सुटून बाहेर जातं. मग पाण्याचा एक रेणू आत येतो आणि फ्रुक्टोजलाही मोकळं करतो. खाच रिकामी, पुढचा सुक्रोज आत.

एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली एन्झाइमसाठी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. ज्या प्रयोगांवरून त्याला ती सुचली, त्यात यीस्टचा हाच इन्व्हर्टेज होता. पुढे १९५८ साली डॅनियल कोशलँडने त्यात सुधारणा केली: कुलूप इतकं ताठ नसतं, किल्ली आत येताना ते स्वतःही थोडं वळतं आणि पकड घट्ट करतं. हाताला हातमोजा बसतो तसं.

वजनकाट्यावरची रांग

इन्व्हर्टेज आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेली डॉक्टर मॉड मेन्टेन या दोघांनी एन्झाइमच्या वेगाचं गणित मांडलं. आजही जगभर जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते शिकवतात. त्यांनी अभ्यासाला घेतलेला एन्झाइम इन्व्हर्टेजच होता आणि कापायला दिली होती साखरच.

गणित सोपं आहे. कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांपुढे आणा. दिवसभरात पाचच गाड्या आल्या, तर पाच वजनं होतील. दहा आल्या तर दहा. पण गेटवर २०० गाड्या उभ्या राहिल्या, की काटा त्याच्या कमाल वेगानेच चालणार. रांग कितीही वाढवा, वेग वाढत नाही. एन्झाइमची खाच म्हणजे हा काटा. साखर कमी असेल तोवर साखर वाढली की वेग वाढतो. सगळ्या खाचा भरल्या, की वेग एका जागी थांबतो. मग वेग वाढवायचा तर काटेच वाढवावे लागतात, म्हणजे एन्झाइमचे रेणू.

पिकलेला ऊस साखरेने गच्च भरलेला असतो. म्हणजे रांग कायमच लांब. तिथे किती साखर तुटणार हे मुख्यतः काटे किती आहेत, हवा किती गरम आहे आणि वेळ किती गेला, यावर ठरतं.

उसाने हा विळा पाळलाच कशाला?

प्रश्न बरोबर आहे. इतकी मेहनत करून साखर साठवायची आणि ती कापणारा विळाही घरातच ठेवायचा?

कारण ऊस कारखान्यासाठी साखर बनवत नाही. तो स्वतःसाठी बनवतो. पानात तयार झालेलं सुक्रोज वाढत्या कांड्यांपर्यंत पोचतं आणि तिथे वापरायचं तर आधी ते कापावं लागतं. म्हणून कोवळ्या, वाढत्या भागात इन्व्हर्टेज भरपूर असतो. ऊस पिकत जातो तसा तो कमी होत जातो आणि साखर साठायला लागते. तोडणीच्या आधी शेतकरी पाणी तोडतात, ते याच कारणाने. वाढ थांबली की कापाकापी थांबते, साठा वाढतो.

आणि हे काही उसापुरतं नाही. तुम्ही रसवंतीवर रस पिता, तेव्हा तुमच्या लहान आतड्यातही सुक्रोज कापलं जातं. तिथला एन्झाइम वेगळ्या घराण्यातला, त्याचा आकारही वेगळा. तो ग्लुकोजच्या बाजूने पकडतो. मधमाशी फुलातल्या रसाचा मध करते, तेव्हाही हेच काम होतं. साखर वापरायची, तर आधी जोड तोडायचा.

आता ऊस तोडला जातो तेव्हा काय होतं ते बघा. कोयता बसला, पण आतल्या पेशींना कुठे माहीत की आपण ट्रॉलीत आहोत! त्या जिवंतच असतात, श्वसन चालू असतं. मुळाकडून पाणी येणं बंद झालं आणि पानांकडून साखर येणंही. तोडलेल्या उसात इन्व्हर्टेजचं काम पुन्हा वाढतं. पेशीत जिथे साखर साठलेली असते, त्याच पिशवीत आम्लात रमणारा इन्व्हर्टेजही असतो आणि उसाचा रस मुळातच थोडा आंबट असतो. म्हणजे विळ्याला हवं तसं वातावरण घरातच. त्यात फेब्रुवारी-मार्चचं सोलापूरचं ऊन. तापमान वाढलं की रेणूंची धावपळ वाढते, कापणीही वाढते. म्हणून डिसेंबरमधला एक दिवस आणि मार्चमधला एक दिवस सारखा धरायचा नाही.

जीभ फसते, ब्रिक्सही फसतो

इथे एक मोठा गैरसमज आहे.

शेतात बऱ्याच जणांकडे आता हातात धरायचं ब्रिक्समीटर असतं. रसाचा थेंब टाकायचा, डोळा लावायचा, आकडा वाचायचा. हे यंत्र रसात एकूण किती पदार्थ विरघळलाय ते सांगतं. तो पदार्थ सुक्रोज आहे की सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज, हे त्याला कळत नाही. तोडलेल्या उसातलं पाणी उडालं, की रस दाट होतो आणि ब्रिक्सचा आकडा चक्क वर जातो. आपण म्हणतो, वा, ऊस चांगलाच भरलाय! आणि आत साखर कमी होत असते. चाखून बघितलं तरी कळत नाही, कारण फ्रुक्टोज साखरेपेक्षाही गोड लागतं.

मग खरं कळतं कशाने? कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलॅरीमीटर असतो. त्यातून निघणाऱ्या आकड्याला तिथे 'पोल' म्हणतात. एका ठराविक पातळीत थरथरणारा प्रकाश रसातून सोडला, तर सुक्रोज त्याला उजवीकडे वळवतं. सुक्रोज तुटलं, की फ्रुक्टोज त्याला डावीकडे इतक्या जोरात वळवतं की एकूण वळण उलटं होतं. या उलटण्यावरूनच इन्व्हर्टेज हे नाव पडलं. मायकेलिस आणि मेन्टेन यांनीही साखर किती तुटली हे याच वळणावरून मोजलं होतं. म्हणजे १९१३चा बर्लिनमधला प्रयोग आणि आपल्या कारखान्यातली रोजची तपासणी, दोन्हींमागचं तत्त्व एकच.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: नुसता ब्रिक्स बघू नका. पोल भागिले ब्रिक्स म्हणजे रसाची शुद्धता. शिळ्या उसात ब्रिक्स वर आणि शुद्धता खाली, असं चित्र दिसतं.

दुसरा चोर

इन्व्हर्टेजच्या जोडीला बाहेरूनही पाहुणे येतात. उसाच्या कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू आत शिरतात. त्यांच्याकडचा एन्झाइम सुक्रोज तोडतो आणि सुटलेली ग्लुकोजं एकमेकांना जोडून लांब, चिकट माळ तयार करतो. तिला डेक्स्ट्रान म्हणतात. रेणू तोच, पण वेगळ्या आकाराच्या एन्झाइमच्या हाती पडला की निकाल वेगळा. डेक्स्ट्रानमुळे रस घट्ट होतो, गाळायला त्रास होतो, साखरेचे दाणे नीट धरत नाहीत. शिवाय ते प्रकाशाला जोरात उजवीकडे वळवतं, त्यामुळे पोलचा आकडाही फसवा येतो.

जीवाणूंना दार हवं असतं. हार्वेस्टरने तोडलेल्या उसाचे छोटे तुकडे होतात, म्हणजे कापलेली तोंडं जास्त. जळालेल्या उसात साल तडकते आणि रस बाहेर पाझरतो. म्हणून असा ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर खराब होतो.

उष्णता: आधी वैरी, मग मित्र

उन्हाने कापणी वाढते, असं वर म्हटलं. पण उष्णता आणखी वाढवली तर? मग रेणू इतका थरथरतो की आतली पकड सुटते आणि फेटा सुटून कापड मोकळं होतं. २३वं आणि २०४वं समोरासमोर राहत नाहीत. एन्झाइम निकामी. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं, तिथेही प्रथिनाचा आकारच बदललेला असतो.

कारखान्यात रस निघाल्यावर तो सुमारे ७० अंशांच्या पुढे तापवतात, चुन्याची निवळी घालून आम्लपणा घालवतात आणि मग पुन्हा उकळीपर्यंत नेतात. उष्णतेने एन्झाइम जातो, जीवाणूही बहुतेक मरतात. चुना यासाठी, की गरम आंबट रसात साखर एन्झाइमशिवायही तुटते. गुऱ्हाळात काहिलीखाली जाळ लागला की तिथेही विळा बोथट होतो.

म्हणजे धोका गव्हाणीच्या अलीकडे जास्त आहे. शेतात पहिला कोयता लागल्यापासून ऊस गव्हाणीत पडेपर्यंत जो वेळ जातो, तो इन्व्हर्टेजचा.

नुकसान कोणाचं?

आता पैशाकडे येऊ. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. उतारा ०.१ टक्क्याने वर गेला की टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढतात, खाली आला की तेवढेच कमी होतात. ९.५ टक्क्यांच्या खाली मात्र कपात थांबते, दर ३,२९०.५० रुपयांवर राहतो. आणि आपल्याकडे या रकमेतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो.

समजा, शिळ्या उसामुळे एखाद्या कारखान्याचा उतारा १०.२५वरून ९.७५वर आला. अर्धा टक्का फक्त. टनाला १७३ रुपये गेले. कारखान्याने हंगामात १० लाख टन ऊस गाळला असेल, तर १७ कोटी ३० लाख रुपये. साखरेत सांगायचं तर टनामागे ५ किलो. २० टन ऊस घेऊन जाणाऱ्या गाडीमागे ५० किलोची दोन पोती.

यात एक गोम आहे. उतारा प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा धरत नाहीत, सगळ्या कारखान्याची सरासरी धरतात. म्हणजे माझा ऊस तीन दिवस पडून राहिला, तर घटलेल्या वजनाचा फटका माझा, पण तुटलेल्या साखरेचा फटका सगळ्या सभासदांत वाटला जातो. आणि तुम्ही ताजा ऊस दिलात, तर त्याचा फायदाही सगळ्यांत वाटला जातो. त्यामुळे एकट्याने घाई करून भागत नाही. तोडणीचा कार्यक्रम, टोळ्या, गाड्या आणि यार्डातली रांग हे सगळं जुळलं तरच साखर वाचते. तोडणी मजुरांना दोष देऊन उपयोग नाही, ते गाडीची वाट बघत शेतातच बसलेले असतात. आणि उतारा ९.५च्या खाली असला तरी 'आपल्याला काय' म्हणता येत नाही. साखर कमी निघाली की कारखान्याकडे पैसा कमी, आणि मग बिलं थकतात.

मग करायचं काय?

पहिलं, गाडी ठरल्याशिवाय कोयता लावायचा नाही. तोडल्यापासून २४ तासांत गाळप, हे लक्ष्य. दुसरं, ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण बुडख्याच्या कांड्यांत साखर जास्त असते. तिसरं, वाढे नीट छाटायचे. शेंड्याच्या कोवळ्या भागात साखर कमी आणि इन्व्हर्टेज जास्त. वाढे जनावरांना घाला, गाडीत नकोत. चौथं, थांबावं लागलंच तर मोळ्या उन्हात पसरून न ठेवता सावलीत रचा, वर पाचट झाका, पाणी शिंपडा. हा गारवा इन्व्हर्टेजचा वेग कमी करतो. पाचवं, कारखान्याच्या सभेत उताऱ्याचा विषय निघाला, की तोडणी ते गाळप सरासरी किती तास लागतात, हेही विचारा.

जाता जाता मोबाइलवाल्यांसाठी एक गोष्ट. साखळीतल्या अमिनो आम्लांचा क्रम दिला की प्रथिनाचा आकार कसा असेल, याचा अंदाज अल्फाफोल्ड ही संगणक प्रणाली करते. त्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नवी प्रथिनं रचणारे डेव्हिड बेकर त्यांच्यासोबत होते. अल्फाफोल्डने काढलेले २० कोटींहून जास्त आकार इंटरनेटवर फुकट बघता येतात. यीस्टचा इन्व्हर्टेज शोधा, बोटाने फिरवा आणि पाच पाती मोजा.

तुमच्या भागात ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत किती तास जातात? कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू!